नाव नको वाचूस, काच बघ

(दृश्य : नौपाड्यातली गल्ली, सकाळचे साडेदहा. दुकानाचं शटर अर्धं वर. काउंटरवर जुनं हिरवं कापड, त्यावर चिमटे, बारीक स्क्रू ड्रायव्हर, कापसाचे बोळे.)

ठाण्यात घड्याळं दुरुस्त करणारे अजून आहेत. छत्र्या दुरुस्त करणारे आहेत. फिल्मचा कॅमेरा उघडणारा माणूस शोधायला मात्र मला तीन महिने लागले. आणि सापडला तो घरापासून चालत बारा मिनिटांवर. दुकानावर पाटी झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोची, म्हणून रोज समोरून जाऊनही कळलं नव्हतं.

माझ्या पिशवीत दोन कॅमेरे होते. पहिला मामाचा, याशिका इलेक्ट्रो ३५. मामाने कुवेतहून आणलेला. आमच्या घरातली सगळी बारशी आणि मुंजी त्याच्यातूनच निघाल्या, आणि मग तो चामड्याच्या केसमध्ये बंद होऊन माळ्यावर गेला. दुसरा मी मोबाइलवर फोटो बघून मागवलेला. 'घरगुती वापर, एकदम चकाचक' असं लिहिलं होतं. बाहेरून होताही चकाचक.

दुकानातल्या काकांनी दुसरा हातात घेतला, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि खाली ठेवला.

"परत कर."

विकणारा पार्सल पोचल्या दिवसापासून फोन उचलत नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला.

(दृश्य : टॉर्चच्या उजेडात लेन्स, अगदी जवळून. काचेच्या कडेपासून आत पसरलेले पांढरे धागे.)

ही बुरशी. काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याचं जाळं असावं तशी दिसते. ठाण्याला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचं जंगल, आणि चार महिने पाऊस. कपाटातली चप्पल हिरवी होते तिथे लेन्सचं काय होणार? वरवरची बुरशी लेन्स उघडून पुसता येते. पण ती जुनी झाली की काचेवरचा लेप खाते, आणि मग पुसूनही डाग राहतो. माझ्या कॅमेऱ्यात तेच झालं होतं.

"अगं, नाव काय वाचत बसतेस," काका म्हणाले. "आधी काच बघ."

मला हवा होता एक रेंजफाइंडर. दहा हजारांच्या आत आणि रोज वापरता येईल असा. मी तोवर नावांच्या याद्या करत होते.

(दृश्य : काकांचा अंगठा, नाकासमोर धरलेला.)

रेंजफाइंडर म्हणजे काय, ते काकांनी एका मिनिटात दाखवलं. अंगठा नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा. अंगठा जागचा हलला नाही, तरी उडी मारल्यासारखा दिसतो. जवळ आणा, उडी मोठी. लांब न्या, उडी छोटी. या कॅमेऱ्यालाही कपाळावर असे दोन डोळे असतात, काही सेंटिमीटर अंतरावर. एका खिडकीतून आपण बघतो. दुसरीतलं चित्र आतल्या आरशावरून येऊन मधोमध, फिकट पिवळ्या ठिपक्यात, पहिल्यावर पडतं. माणसाला दोन नाकं दिसतात. लेन्सची रिंग फिरवायची, दोन्ही नाकं एकावर एक आली की फोकस बसला.

एसएलआरसारखा (ज्यात लेन्समधूनच बघतात तो कॅमेरा) वरखाली होणारा आरसा इथे नाही. म्हणून कॅमेरा लहान, म्हणून आवाजही कमी. पण याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही लेन्समधून बघतच नसता. हे वाक्य काकांनी दोनदा सांगितलं होतं. पुढे त्याचा विषय निघेल.

रेंजफाइंडर म्हटलं की लोक लायकाचं नाव घेतात. लायकाचा एम-३ १९५४ सालचा, आणि आज त्याच्या किमतीत स्कूटर येते. तो विषय तिथेच संपवू. आपल्या कामाचे आहेत ते साठ-सत्तरच्या दशकात जपानने साध्या घरांसाठी केलेले कॅमेरे. कॅनन, मिनोल्टा, ऑलिंपस, कोनिका, याशिका. यांची लेन्स निघत नाही, बदलता येत नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. त्यातल्या मिनोल्टाची एक गोष्ट मला फार आवडते. २० फेब्रुवारी १९६२ला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याजवळ आन्स्को नावाने विकला जाणारा, पण मिनोल्टाने बनवलेला हाय-मॅटिक जातीचा कॅमेरा होता. कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे, फ्लोरिडातल्या एका दुकानातून त्याने तो स्वतः विकत घेतलेला. ग्लव्ह घालून वापरता यावा म्हणून मग त्यात फेरफार केले.

(दृश्य : मामाचा याशिका. काका फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढतात. शांतता.)

"ऐकलंस?"

"नाही. काहीच आवाज आला नाही."

"तेच तर."

इलेक्ट्रो ३५ पहिल्यांदा आला १९६६ साली. पुढे अणूचं चिन्ह असतं. लेन्स ४५ मिलिमीटर, एफ १.७, आणि त्या लेन्सबद्दल कुणाची तक्रार नसते. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं, ते तुम्ही ठरवायचं; शटरचा वेग, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवायचं, तो कॅमेरा ठरवतो. उजेड कमी असला की पिवळा दिवा लागतो, जास्त असला की लाल. यातच त्याचं दुखणंही आहे. आतमध्ये रबराचा एक चिमुकला तुकडा असतो. तो शाबूत असला तर लिव्हर ओढताना आतून 'खट्ट' असा जाड आवाज येतो. पन्नास वर्षांत रबराचा चुरा होतो, आवाज जातो आणि त्याच्याबरोबर शटरचं तंत्रही बिघडतं. शिवाय बॅटरी नसेल तर हा कॅमेरा एकाच वेगाने चालतो, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने. म्हणजे भर उन्हात ठीक, घरात मुंजीला बिनकामाचा. मूळची ५.६ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. लोक ६ व्होल्टची बारकी बॅटरी स्प्रिंग लावून बसवतात, आणि चालतं.

काकांनी मामाचा कॅमेरा ठेवून घेतला. रबर बदलायला दीड आठवडा. "घरचा आहे म्हणून करतो," म्हणाले. "विकत मात्र हा घेऊ नकोस. कधी थांबेल सांगता येत नाही."

मग घ्यायचा कुठला? काकांच्या मते ज्याचं शटर चावीच्या घड्याळासारखं नुसत्या चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालतं, तो. बॅटरी संपली तर फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडावा, कॅमेरा नाही. कॅननचा कॅनोनेट क्यूएल-१७ जी-३, १९७२चा, तसा आहे. ऑलिंपसचा ३५ आरसी तसा आहे, आणि खिशात मावतो. मिनोल्टाचा हाय-मॅटिक ७एस तसा आहे, फक्त वजनाने वरवंटा.

रशियन कॅमेरे स्वस्त असतात. झोर्की आणि फेड. फेड हे नाव फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून पडलं, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाच्या. ओबडधोबड, दणकट यंत्रं. पण झोर्की-४मध्ये लिव्हर ओढण्याआधी वेगाची चकती फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते, आणि शटरचा पडदा कापडाचा. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर भिंगाने कागद जाळावा तसं कापडाला भोक पडतं. बाजारात सोनेरी मुलामा दिलेला 'लायका' दिसला तर तो बहुधा यांच्यापैकीच कुणीतरी असतो, वेषांतर करून आलेला.

(दृश्य : फोर्ट, बोरा बाजार. छोट्या दुकानांच्या काचेमागे कॅमेरे, पट्टे, लेन्सची झाकणं.)

पुढच्या शनिवारी आम्ही लोकलने सीएसएमटीला उतरलो. काका बरोबर येतील असं वाटलं नव्हतं, पण ते आले, डबा घेऊन. बोरा बाजारात तीन कॅनोनेट मिळाले. पहिल्याची रिंग फिरवताना काका काहीच बोलले नाहीत. दुसरा त्यांनी मागून उघडला, वेगाची रिंग 'बी'वर नेली (त्यावर कळ दाबलेली असेपर्यंत शटर उघडं राहायला हवं), कळ दाबून धरली आणि आरपार टॉर्च मारला. शटरची पाती उघडलीच नाहीत. पात्यांवर तेल आलं होतं. कॅनोनेटचं हे नेहमीचं दुखणं, साफ करता येतं, पण साफ करणारा तुमच्या ओळखीचा हवा. मागच्या झाकणाच्या कडेला जो फोम असतो, त्याचं काळं डांबर झालं होतं आणि ते काकांच्या बोटाला लागलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "हे मी लोकरीचा धागा लावून देईन. फोमला घाबरायचं नाही. काचेला घाबरायचं."

तिसऱ्याचा एक कोपरा दबलेला. कातडं उचकटलेलं. मी तो बाजूला सारला, तो त्यांनी परत ओढला. टॉर्च लावला. काच स्वच्छ. वेग पाव सेकंदावर आणून कॅमेरा माझ्या कानाला लावला आणि कळ दाबली. आत काहीतरी 'झ्झ्झिक' करून सावकाश फिरलं आणि थांबलं. अडखळलं नाही. मग दुकानाबाहेर येऊन रस्त्याच्या टोकाच्या इमारतीवर रोखला. रिंग अनंतावर नेली की लांबच्या खिडक्यांच्या दोन प्रतिमा तंतोतंत जुळायला हव्यात. जुळल्या. पिवळा ठिपका मात्र फिका पडला होता. काकांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा काढून पुढच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध लावला, आणि ठिपका उठून दिसायला लागला. दुकानदारही बघत राहिला.

सात हजार सांगितले होते. दबलेला कोपरा दाखवून सहावर आणले.

(दृश्य : ठाणे, गोखले रोड. मेडिकलचं दुकान.)

या कॅमेऱ्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा. पारा विषारी, त्यामुळे त्या बॅटऱ्या बंद झाल्या. कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास देते, बाजूने एक वायसर घातला की चपखल बसते. मेडिकलवाल्याने विचारलं, "आजोबांना का?" मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार. घरी येऊन तिचा स्टिकर काढला. ही बॅटरी हवेवर चालते, स्टिकर काढल्यापासून संपायला लागते, दोनेक महिने टिकते. मी ती कॅमेऱ्यात घातलीच नाही. म्हटलं, बघू या बॅटरीविना. भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६, आणि फिल्म २०० ची (हा आकडा फिल्म उजेड किती लवकर टिपते त्याचा) असेल तर शटर त्याच्या जवळचं, सेकंदाचा अडीचशेवा भाग. सावलीत अ‍ॅपर्चर तीन घरं उघडायचं. एवढं पाठ केलं.

चामड्याची केस काकांनी काढून घेतली. चामडं ओल धरतं. आता कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात असतो, सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांबरोबर. ते गुलाबी झाले की बदलायचे.

(दृश्य : तलावपाळी, संध्याकाळ. होड्या. कोपिनेश्वराचा कळस. भेळवाल्याचा दिवा.)

रोल भरला. लिव्हर ओढली. एक रोल म्हणजे ३६ फोटो, आणि रोल, डेव्हलपिंग, स्कॅनिंग धरलं तर एक क्लिक साधारण दोन वडापावना पडतो. त्यामुळे हात आपोआप सावकाश चालतो. देवळाचा कळस. होडीतली दोन मुलं, फोकस जुळेपर्यंत ती तीनदा हलली. जांभळी नाक्यावर झेंडूचे ढीग. दर वेळी दोन प्रतिमा एकमेकींवर सरकल्या, दर वेळी 'टिक्' झालं. इतका बारीक आवाज की फुलवालीने विचारलं, "काढलास का?"

आठवड्याने स्कॅन आले. पहिली नऊ चित्रं कोरी. काकांनी निगेटिव्ह उजेडात धरली आणि मला विचारलं, "ऑटोवर होता की हाताने?"

"हाताने. बॅटरी नव्हती घातली."

"ऑटोवर असता तर उजेड नाही म्हणून कळ दबलीच नसती याची." मग त्यांनी माझा कॅमेरा उचलला, आणि लेन्सवरचं झाकण काढून माझ्या हातात दिलं.

(दृश्य : दहावा फोटो. झेंडू, केशरी, किंचित हललेला.)