‘चर्चेप्रमाणे’

(वाशीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं आले. बसायला मिळालं नाही, पण गाडी वेळेवर होती. तुमच्या भागातली रेल्वे ज्या करारावर उभी राहिली, त्यात ६७ टक्के पैसा सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचा, आणि ३३ टक्के रेल्वेचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘सरकारी कंपन्यांना येणारे तोंडी आदेश’ हा आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन केले, ‘मॅडम, सिडकोला झोडपणार ना?’ त्यासाठी मला बोलावायची गरज नव्हती. ते काम तुम्ही रोज सकाळी चहाच्या टपरीवर माझ्यापेक्षा चांगलं करता.

मी ३१ वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली, त्यातली बरीचशी सरकारी कंपन्या आणि महामंडळं तपासण्यात. लोकांना वाटतं, ऑडिटवाले चोर पकडायला येतात. आमचं निम्मं आयुष्य हरवलेला कागद शोधण्यात जातं. तो सापडत नाही, आणि का सापडत नाही, एवढंच मला आज सांगायचंय.

एक महामंडळ होतं. नाव सांगत नाही. ओळखायला जाल तर चुकाल. त्यांच्याकडे शिल्लक रक्कम होती, ती ठेवीत गुंतवायची होती. लेखा शाखेनं व्यवस्थित टिपणी केली, तीन बँकांचे दर मांडले, सगळ्यात जास्त दर देणाऱ्या बँकेची शिफारस केली. त्या टिपणीखाली वेगळ्या शाईत एकच शब्द होता, ‘चर्चेप्रमाणे’, आणि पुढे चौथ्याच बँकेचं नाव. ती सहकारी बँक होती, दर अर्धा टक्का कमी. मी हाफ मार्जिन काढलं, म्हणजे ऑडिटची लेखी शंका विचारली: चर्चा कोणाशी झाली, कधी झाली, कुठे झाली? दोन महिन्यांनी उत्तर आलं, ‘सदर चर्चा तत्कालीन सक्षम प्राधिकाऱ्यांशी झाली होती.’ तत्कालीन! या एका शब्दावर आपलं सरकार किती वर्षं चाललंय, याचा हिशेब कोणी मांडायला हवा. ठेव वेळेवर परत आली, पैसे बुडाले नाहीत, म्हणून ऑडिट अहवालासाठीचा तो आक्षेपाचा पॅराही पुढे गेला नाही. ही आमच्या खात्याची खोड. नुकसान दिसलं तरच आम्ही ओरडतो.

सरकारी कंपनी म्हणजे जिच्या भागभांडवलात सरकारचा वाटा किमान ५१ टक्के, ती. राज्याच्या कंपनीत हे शेअर राज्यपालांच्या नावानं असतात. दोन-चार शेअर सचिवांच्या नावे, नावापुरते. खासगी कंपनीत मालक चुकला तर त्याच्या खिशाला चाट बसते. इथे मालक म्हणून वागणारे मंत्री असतात, आणि खिसा तुमचा-माझा. लेखापरीक्षक महालेखापरीक्षक नेमतात, वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा असतो, सार्वजनिक उपक्रम समिती साक्ष घेऊ शकते. कागदावर बंदोबस्त चोख आहे.

बहुतेक सरकारी कंपन्यांच्या नियमावलीत आणखी एक कलम असतं. सरकारला वाटलं तर ते कंपनीला लेखी निर्देश देऊ शकतं, आणि कंपनीनं ते पाळायचे. यात गैर काहीच नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारनं आपल्या कंपनीला, ‘तोटा झाला तरी चालेल, पण या तालुक्याला वीज द्या,’ असं सांगावंच. गंमत ही, की एवढा राजरोस दरवाजा असताना मी तो फार कमी वेळा उघडलेला पाहिला. कारण लेखी निर्देश आला की तो संचालक मंडळापुढे येतो, इतिवृत्तात जातो, ऑडिटला दिसतो, खाली सही असते. फोनला सही नसते.

हे नवं नाही. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झालं, तेव्हाच त्याच्या कायद्यात लिहिलं होतं की सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत केंद्र सरकार जे निर्देश लेखी देईल, त्यांप्रमाणे महामंडळानं चालावं. लेखी, हा शब्द कायद्यातच आहे. वर्षही झालं नव्हतं. जून १९५७ मध्ये हरिदास मुंध्रा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर महामंडळानं घेतले, सुमारे १ कोटी २४ लाखांचे. मुंध्रा तेव्हा कर्जात बुडालेला. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला आधी विचारलंच नाही. आणि सरकारचा लेखी निर्देश? नव्हता. त्या सहातली एक रिचर्डसन अँड क्रुडास, भायखळ्याची. तिचा कारखाना मुलुंडलाही होता, म्हणजे ठाण्याच्या वेशीवर. पुढे तीच कंपनी सरकारच्या मालकीची झाली. नियतीलाही विनोदबुद्धी असते.

लोकसभेत प्रश्न लावून धरला तो फिरोज गांधींनी. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. चौकशी आली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे. सुनावणी मुंबईत, खुली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावले. काम महिन्याभराच्या आत उरकलं. आजच्या चौकशी आयोगांना मिळणाऱ्या मुदतवाढी आठवल्या की हे खोटं वाटतं. या सुनावणीत गाडी पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत होती: अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि त्यांचे सचिव एच. एम. पटेल यांच्यात नेमकं काय बोलणं झालं? सचिव म्हणत होते, मंत्र्यांना माहीत होतं, संमती होती. मंत्री म्हणत होते, मी संमती दिली नाही. कागद नव्हता. न्यायमूर्ती छागलांनी सांगितलं की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. एवढं सगळं रामायण एका ‘चर्चेप्रमाणे’साठी.

याच्या उलट मलेशियात झालं. तिथे २००९ साली वन-एमडीबी नावाची सरकारी गुंतवणूक कंपनी निघाली. तिच्या नियमावलीचं ११७ वं कलम असं, की संचालकांची नेमणूक, हकालपट्टी, मोठे आर्थिक व्यवहार, सगळ्याला पंतप्रधानांची लेखी मंजुरी हवी. पंतप्रधान नजीब रझाक स्वतःच अर्थमंत्री, आणि कंपनीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षही तेच. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या हिशेबानं या कंपनीतून साडेचार अब्ज डॉलर वळवले गेले. म्हणजे लेखी लिहिलं की चोरी थांबते, असं मी म्हणणार नाही. पण खटला उभा राहिला तेव्हा सरकारी पक्षानं याच कलमावर बोट ठेवलं: मालकासारखा ताबा यांचाच होता, हे पाहा. नजीब २०२२ पासून तुरुंगात आहेत, आधी याच कंपनीच्या एका जुन्या उपकंपनीच्या प्रकरणात. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मुख्य प्रकरणातही दोषी ठरले.

ब्राझीलची पेट्रोब्रास थोडक्यात सांगते. तेलकंपनीतली संचालकपदं पक्षांनी वाटून घेतलेली, ठेकेदारांनी आपसात कामं वाटून घेतलेली, आणि प्रत्येक कंत्राटातून एक ते तीन टक्के वर जायचे. २०१४ साली एका पेट्रोल पंपाच्या तपासातून हे धागे सुटले. मग २०१६ मध्ये त्यांनी कायदा केला, की पक्षाचा पदाधिकारी पद सोडल्यावर ३६ महिने सरकारी कंपनीच्या संचालक मंडळावर येऊ शकत नाही. आपल्याकडे? मंत्रिमंडळ विस्तार झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय छापून येतं ते आठवा: ‘नाराजांची महामंडळांवर वर्णी लागणार.’ आपण ते वाचतो, पान उलटतो. सिडकोचं अध्यक्षपद तर सत्ताधारी आमदारांकडे गेलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आता सिडकोकडे येते, नाही तर हे फोन करणारे मला परत जाऊ देणार नाहीत. १७ मार्च १९७० ला सिडको कंपनी कायद्याखाली स्थापन झाली. सरकारी खात्याच्या लालफितीत नवं शहर होणार नाही म्हणून कंपनी, हा विचार चुकीचा नव्हता. जमीन विकायची, त्यातून रस्ते, शाळा, रेल्वे उभारायची. पण या रचनेत ९५ गावांच्या जमिनीचा मालक, नियोजन करणारा आणि विक्रेता, तिन्ही एकच झाले. भूखंडाचा वापर कोण ठरवणार? सिडको. किंमत? सिडको. निविदा काढायची की थेट द्यायचा? १९७५ च्या विनियमांच्या चौकटीत, पुन्हा सिडकोच. आपण बसलोय ती इमारतही भाडेपट्ट्याच्याच जमिनीवर असणार. ज्यांची जमीन गेली त्यांना या मालकापुढे आवाज मिळाला तो जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यातल्या जासईच्या शेतकरी आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेल्यावर. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळू लागले. जिथे एका टेबलावर एवढी सत्ता साचते, तिथे एका फोनची किंमत किती होते, हे मी सांगायला नको.

त्यातही मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते बाळगंगा धरण. उलवे-खारघरची मंडळी आहेत ना इथे? टँकरचे भाव तुम्हाला तोंडपाठ असतील. सिडकोच्या वसाहतींना पाणी मिळावं म्हणून पेण तालुक्यात हे धरण बांधायला घेतलं. पैसा सिडकोचा, काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचं. हे महामंडळ ठाण्यात आहे, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. कृष्णा खोऱ्याचं महामंडळ १९९६ चं, कोकणचं त्याच्या पाठोपाठचं. खुल्या बाजारातून कर्ज उभारून कामं झपाट्यानं करावीत हा हेतू. या महामंडळांच्या कामकाजात एक शब्द तुम्ही ऐकला नसेल, ‘सुप्रमा’. मुलीचं नाव नाही. सुधारित प्रशासकीय मान्यता. कामाची व्याप्ती वाढली, दर वाढले, की सुप्रमा. खरी कारणं असतात, डोंगरात खडक लागतो, भूसंपादन महागतं. पण बाळगंगेत कंत्राटाची रक्कम काम सुरू झाल्यावर थोडक्या काळात दुपटीहून जास्त झाली, असा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा आरोप. २०१५ साली ठाण्यात गुन्हा दाखल झाला. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, मी नाही. तेव्हा धरणाचं काम अर्धवटच होतं.

माझा प्रश्न हिशेबनिसाचा आहे. चेक फाडणारी कंपनी राज्य सरकारची. चेक घेणारं महामंडळही राज्य सरकारचं, जलसंपदा मंत्री त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. सिडको जर तिऱ्हाईत गिऱ्हाईक असती, तर वाढीव बिल आलं त्या दिवशी तिनं खडक बघायला स्वतःचा इंजिनिअर पाठवला असता. तुम्ही सोसायटीच्या गळतीचं वाढीव बिल आलं तर गच्चीवर जाऊन बघता की नाही? पण डाव्या खिशानं उजव्या खिशाला कोणत्या तोंडानं विचारायचं? आणि वर दोन्ही खिशांचा सदरा एकच.

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१३ मध्ये, टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर, सांगून ठेवलंय की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये. आदेश तोंडी आलाच तर त्याची नोंद करावी. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठांचा आदेश सहसा लेखी असावा, असंच आहे. म्हणजे शस्त्र अधिकाऱ्याच्या हातात आहे. ते उचलत का नाहीत, असं मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं. मुलांची शाळा, गडचिरोली आणि सिन्सिअर माणसाला मिळणारी ‘जुळवून घेत नाही’ ही पदवी, एवढं उत्तर पुरे.

त्यांचा दुसरा प्रश्न, आम्ही काय करायचं? सरकारी कंपनी माहिती अधिकारात येते, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. पण अर्जात ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहू नका. संचालक मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका मागा आणि इतिवृत्तही मागा. दोन्ही शेजारी ठेवा. इतिवृत्तात आहे पण विषयपत्रिकेत नाही, ते ‘आयत्या वेळचे विषय’. माझ्या अनुभवात मसाला तिथे असतो. मग ‘कार्योत्तर मंजुरी’, म्हणजे काम उरकल्यावर घेतलेली मंजुरी, हे शब्द शोधा. आणि त्या विषयाची फाइल प्रत्यक्ष बघायची परवानगी मागा, कायद्यानं तो हक्क आहे. झेरॉक्समध्ये शाईचा रंग दिसत नाही.

एका लेखाधिकाऱ्यांची आठवण सांगते आणि थांबते, माझी शेवटची गाडी लवकर आहे. वेगळं महामंडळ. गृहस्थ बुटके, आवाज बारीक, डब्यात रोज भाकरी. एक भूखंड एका संस्थेला थेट द्यायचा, असा त्यांना वरून फोन आला. त्यांनी फोन ठेवला आणि कागद घेतला: ‘आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेनुसार प्रस्ताव तयार करण्यात येत आहे. तरी लेखी आदेश मिळावेत, ही विनंती.’ फोन करणाऱ्याचं नाव, हुद्दा, खाली स्वतःची पूर्ण सही, आणि पत्र जावक नोंदवहीत चढवून वर पाठवलं. त्यांची बदली झाली, ती व्हायचीच होती. लेखी आदेश मात्र आला नाही. त्यांच्या जागी आलेल्यानं फाइल उघडली, तर पहिल्याच पानावर हे पत्र. त्यानं फाइल बांधून ठेवली. त्याच्यानंतरच्यानंही. मी निवृत्त झाले तेव्हा ती प्रलंबित प्रकरणांच्या यादीत होती. भूखंड अजून मोकळा आहे. गेल्या महिन्यात रिक्षानं तिथून गेले, पोरं क्रिकेट खेळत होती.