मामांनी मुलीला घेऊन यावं

(दृश्य : पुण्यातलं एक मंगल कार्यालय. अक्षतांच्या पुड्या वाटल्या जात आहेत. अंतरपाट धरलेला.)

मुहूर्ताला पाच मिनिटं उरली की गुरुजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा घाईघाईने फेटा सारखा करतात, भाचीचा हात धरतात आणि तिला बोहल्यापाशी आणून उभी करतात.

वडील तिथेच असतात. काका असतात, थोरला भाऊ असतो. मग आणायचा मान मामाचाच का?

आणखी एक गोष्ट. माझी आजी सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची आणि सासूला 'आत्याबाई'. त्या दोघांशी तिचं लग्नाआधी काहीही नातं नव्हतं. सासरा मामा कसा झाला, सासू आत्या कशी झाली, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. रोज तोंडात असलेल्या शब्दाचा अर्थ कोण विचारतो?

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी विचारला. घराघरांत, वाड्यावस्त्यांवर, परप्रांतात जाऊन विचारला, आणि आयुष्यभर विचारत राहिल्या.

(दृश्य : येरवडा. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत, कमानींचा लांब व्हरांडा.)

हे डेक्कन कॉलेज. टिळक आणि आगरकर इथेच शिकले. १९३४ मध्ये कॉलेज बंद पडलं आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुरातत्त्वासाठी हसमुख सांकळिया आले, भाषाशास्त्रासाठी सुमित्र कत्रे, आणि समाजशास्त्रासाठी इरावतीबाई. पुढची तीन दशकं, ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या तोपर्यंत, त्यांचं काम या आवारातून चाललं.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. केल्यावर मुंबईला गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. केलं. लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. सुनेने बर्लिनला शिकायला जावं हे महर्षींना पसंत नव्हतं. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्यांनाही घरच्या सुनेच्या बाबतीत हे जड गेलं. पण दिनकररावांनी पत्नीला साथ दिली आणि १९२८ मध्ये इरावतीबाई निघाल्या. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. त्यांच्या संस्थेत बसून या तेवीस वर्षांच्या मुलीने कवट्या मोजल्या आणि मोजमापांतून जे दिसलं तेच लिहिलं : कवटीच्या ठेवणीवरून वंशाचं श्रेष्ठत्व ठरत नाही. पुढे जर्मनीत काय झालं ते आठवलं की या धैर्यापुढे मान आपोआप झुकते.

(दृश्य : नातेसंबंधांचा हाताने काढलेला तक्ता. त्रिकोण, वर्तुळं, जोडणाऱ्या रेघा.)

१९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने त्यांचा 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशभरची कुटुंबं कशी बांधली जातात याचा एवढा मोठा पट त्याआधी कुणी एकहाती मांडला नव्हता. त्यांनी चार भाग पाडले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. आधार घेतला तो संस्कृत ग्रंथांचा, लोकगीतांचा आणि मुख्य म्हणजे नात्यांच्या शब्दांचा.

कन्नडमध्ये आत्याला 'अत्ते' म्हणतात आणि सासूलाही 'अत्ते'च. मामा आणि सासरा यांनाही एकच शब्द चालतो. कारण साधं आहे. तिकडे आतेभावाशी किंवा मामेभावाशी लग्न ही रीतच होती. मुलगी सासरी जायची ती ओळखीच्या घरात. ज्या आत्याने अंगाखांद्यावर खेळवलं, तीच सासू.

उत्तरेत याच्या अगदी उलट. मुलगी द्यायची ती दूरच्या गावात, अनोळखी घरात. माहेरच्या नात्यांचे शब्द वेगळे, सासरच्या नात्यांचे वेगळे. लेकीला मोकळीक, सुनेला घुंघट. कित्येक ठिकाणी बाप लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पीत नाही.

आणि महाराष्ट्र? इथे दोन्ही रीती येऊन भेटल्या. कितीतरी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी सहसा चालत नाही. देशस्थांत मामेबहीण करतात, चित्पावनांत नाही. एकाच पेठेत शेजारी राहणारी दोन ब्राह्मण कुटुंबं, पण सोयरिकीचा नियम वेगळा. मामेबहिणीशी लग्न झालं की मुलाचा मामा हाच त्याचा सासरा. मुलीच्या बाजूने पाहिलं तर तिची आत्या हीच सासू, आणि आत्याचा नवरा, म्हणजे मामा, हा सासरा. लग्न परक्या घरी झालं तरी शब्द मात्र तोच राहिला. आजीच्या तोंडचा 'मामंजी' मला तेव्हा कळला, आणि तो कळला त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

या ग्रंथाच्या मर्यादाही आहेत. भर जवळजवळ सगळा हिंदू कुटुंबांवर. चार भागांच्या सीमा आज इतक्या ठळक आखता येणार नाहीत. पण घरात बोलले जाणारे शब्द हा पुरावा मानायचा, बायकांच्या तोंडच्या ओव्यांना पोथीशेजारी जागा द्यायची, हे त्यांनी ज्या सहजतेने केलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : एस. टी., कच्चा रस्ता, गावातल्या शाळेचा ओटा.)

पण त्यांचं सगळंच काम एकटीचं नव्हतं. महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनाचा ग्रंथ १९५१ मध्ये निघाला, त्यात सहलेखक होते वि. म. दांडेकर, जे पुढे भारतातल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासामुळे देशभर ओळखले गेले. यशवंत दामले यांच्यासोबत खेड्यांतल्या गटसंबंधांचा अभ्यास झाला. जयंत रणदिवे यांच्याबरोबर फलटण या वाढत्या गावाचा. पुणे विद्यापीठातला मानवशास्त्र विभागही बाईंनीच उभा केला. आणि १९६९ मध्ये, लेक जाई निंबकर हिच्यासोबत, कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी. धरणाच्या भिंतीची उंची सगळ्यांना पाठ असते. पाण्याखाली गेलेल्या गावातली भावकी कुठे कुठे विखुरली, पुनर्वसनाची आखणी कुठे चुकली, हे त्या काळी विचारणारे थोडे होते.

विद्यार्थ्यांपैकी कैलाश मल्होत्रा यांच्याबद्दल थोडं सविस्तर. बाईंचं म्हणणं होतं की जात म्हणजे पसरलेलं नातंगोतं : ज्यांच्यात सोयरीक होते, ती जात. मग 'ब्राह्मण' या एका नावाखाली येणाऱ्या जाती खरोखर एकाच घराण्याच्या शाखा आहेत का? गुरुशिष्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शरीरमापनं आणि रक्ताचे गुणधर्म ताडून पाहिले. समान दर्जाच्या त्या गटांत मोजता येतील असे फरक निघाले. हा निबंध १९६८ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'मध्ये छापून आला. मल्होत्रा पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले, आणि महाराष्ट्रातल्या धनगरांवर, भटक्या जमातींवर काम करत राहिले. त्या वाटेवर त्यांना जोडीदार मिळाले माधव गाडगीळ. गाडगीळांचं घर कर्व्यांच्या शेजारचं. मुलगा असतानाच ते इरावतीबाईंबरोबर क्षेत्रकामाला गेले होते. जातिव्यवस्था आणि निसर्गातल्या साधनांची वाटणी यांची सांगड घालणारा मल्होत्रा-गाडगीळ यांचा निबंध १९८३ चा. शेजारच्या काकूंबरोबर रानात गेलेला मुलगा आणि बाईंचा विद्यार्थी, दोघं असे एका कामात भेटले.

(दृश्य : लॉ कॉलेज रस्ता, सकाळची रहदारी.)

पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई इरावतीबाई, असं सांगतात. घरात मुलं त्यांना 'इरू' म्हणत आणि वडिलांना 'दिनू'. देशभरच्या नात्यांचे शब्द गोळा करणाऱ्या बाईंना स्वतःच्या घरी नात्याच्या शब्दाची गरज वाटली नाही! दिनकरराव रसायनशास्त्राचे, फर्ग्युसनचे प्राचार्य. पण १९६३ मध्ये त्यांनीही पाच मराठी कुटुंबांच्या आत्मकथनांचं इंग्रजी पुस्तक संपादित केलं. आणि इरावतीबाईंनी महाभारतातल्या माणसांकडे सासू, दीर, जाऊ, धाकटा भाऊ म्हणून पाहिलं, ते 'युगान्त'मध्ये. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

(दृश्य : पुन्हा मंगल कार्यालय. पंगत उठली आहे. नवरी ओटी सावरत बसली आहे.)

चित्रीकरण आटोपल्यावर आम्ही वऱ्हाडातल्या बायकांना एकच गोष्ट विचारली : सासऱ्यांना काय म्हणता? पणजी म्हणाल्या, "मामंजी." आजी म्हणाल्या, "आम्ही दादा म्हणायचो." आईने "बाबा" सांगितलं. नवरीने जरा विचार केला, पलीकडे बसलेल्या सासऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून काकाच म्हणते. आता काय म्हणू, ते ठरायचंय."

आम्ही चारही शब्द वहीत लिहून घेतले. समोर त्या त्या बाईचं वय आणि माहेरचं गाव.