चोवीस तासांची शोअर लीव्ह

(दृश्य: पहाट. ईस्ट रिव्हर. पलीकडे मॅनहॅटनचे दिवे, अलीकडे गोदीच्या क्रेनची काळी आकृती.)

सहाला दहा कमी. ब्रुकलिन नेव्ही यार्ड.

1949 साली इथे एक गोदी कामगार जांभया देत क्रेनकडे चालत आला होता. चालता चालता गायला लागला होता, की अजून अंथरुणातून उठल्यासारखंच वाटत नाही. आवाज खर्जातला, संथ, अर्धवट झोपेतला. मग सहाचा भोंगा झाला आणि समोरच्या जहाजातून पांढऱ्या कपड्यांतली पोरं सुटली. शाळा सुटली, पाटी फुटली, अगदी तशी. चोवीस तासांची शोअर लीव्ह, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर उतरायची सुट्टी. उद्या सहाला परत.

त्या चित्रपटाचं नाव 'ऑन द टाउन'. हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीचा, रंगीत, दीड तासाहून थोडा मोठा.

(दृश्य: आई. जांभळा स्वेटर, कानाला मफलर, पायात माझे स्पोर्ट्स शूज. कुंपणाच्या जाळीतून आत बघते आहे.)

ही माझी आई. डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. जर्सी सिटीतल्या आमच्या घरात फेब्रुवारीतल्या एका बर्फाच्या रविवारी आम्ही दोघींनी हा चित्रपट पाहिला. तिला इंग्रजी गाणी फारशी कळत नाहीत. तरी ती हसून हसून सोफ्यावरून खाली यायची बाकी होती. संपल्यावर म्हणाली, "मेले एक नंबरचे उनाड आहेत. ती गोदी इथून लांब आहे का गं?"

म्हणून हा व्हिडिओ. कॅमेरा माझ्या हातात आहे, त्यामुळे मी कुठेच दिसणार नाही.

(दृश्य: नेव्ही यार्डच्या विटांच्या इमारती, मालाच्या गाड्या, फेरीचा धक्का.)

आरमाराने ही गोदी 1966 मध्ये बंद केली. आता आत कारखाने आहेत, कचेऱ्या आहेत, एक छोटं संग्रहालय आहे. आणि एक भलामोठा फिल्म स्टुडिओसुद्धा आहे. या चित्रपटासाठी स्टुडिओवाल्यांना स्टुडिओबाहेर काढून ज्या गोदीत आणावं लागलं, तिथेच आता स्टुडिओ!

गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. तीन खलाशी: गेबी, चिप आणि ऑझी. म्हणजे जीन केली, फ्रँक सिनात्रा आणि ज्यूल्स मन्शिन. चिपच्या हातात न्यूयॉर्कची एक गाइडबुक आहे, इतकी जुनी की त्यातली अर्धी ठिकाणं कधीच पाडून झालीत. त्याला तरीही सगळं शहर एका दिवसात बघायचं आहे. बाकीच्या दोघांना मुली बघायच्या आहेत. गेबी सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, एका मुलीचं पोस्टर पाहतो आणि तिच्या मागे लागतो. टॅक्सी चालवणारी हिल्डी चिपच्या मागे लागते. तिला शहर दाखवण्यात काडीचा रस नाही, ती एकच टुमणं लावते, माझ्या घरी चल. आणि मानववंशशास्त्र शिकणाऱ्या क्लेअरला ऑझीचा चेहरा म्युझियममधल्या आदिमानवासारखा वाटतो, म्हणून तो आवडतो. या आवडण्याच्या भरात डायनोसॉरचा अख्खा सांगाडा कोसळतो आणि पोलीस मागे लागतात. पुढे पळापळ.

आईला हिल्डी सगळ्यात आवडली. "मुलगी टॅक्सी चालवते आणि मुलगा लाजतो. बरं केलंय."

(दृश्य: स्थिरचित्रं. 1944 चं न्यूयॉर्क, गणवेशातल्या सैनिकांनी भरलेला टाइम्स स्क्वेअर.)

आता थोडं मागे जाऊ. या तिघांचा जन्म गोदीत झालेला नाही. तो एका चित्रामुळे झाला, आणि ते चित्र भिंतीवरून उतरवलं गेलं होतं.

1934 साली पॉल कॅडमस या चित्रकाराने सुट्टीवर आलेल्या खलाशांचं एक चित्र काढलं. प्यायलेले, मुलींच्या गळ्यात पडणारे, तंग पँटी घातलेले खलाशी. सरकारी योजनेतून पैसे मिळालेलं चित्र, वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत लागणार होतं. आरमारातले वरिष्ठ भडकले. आमचे जवान असे? चित्र प्रदर्शनातून काढलं गेलं. अर्थात त्यामुळे ते सगळ्या देशाला माहीत झालं.

दहा वर्षांनी जेरोम रॉबिन्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या नर्तकाला कोणीतरी सुचवलं, या चित्रावर बॅले कर. त्याने चित्रातला चावटपणा बाजूला ठेवला आणि खलाशी तेवढे उचलले. संगीत दिलं त्याच्याच वयाच्या लिओनार्ड बर्नस्टाइनने. एप्रिल 1944 मध्ये 'फॅन्सी फ्री' हा बॅले मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला. तीन खलाशी, एक बार, मुली दोनच. म्हणजे भांडण आलंच. तो इतका गाजला की त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अवघ्या आठ महिन्यांत, त्याचं संगीत नाटक होऊन ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीत, उभं राहिलं. गोष्ट आणि गाणी बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन यांनी लिहिली आणि दोघांनी त्यात भूमिकाही केल्या. एमजीएमने तर पडदा उघडण्याआधीच त्यात पैसे घातले होते.

लक्षात घ्या, 1944. युद्ध चालू आहे. प्रेक्षकांत बसलेला खराखुरा खलाशी उद्या कुठे जाणार, हे त्यालाही ठाऊक नाही. चित्रपट येईपर्यंत युद्ध संपून चार वर्षं झाली होती. त्यामुळे पडद्यावरच्या या तिघांना परत जायचं आहे ते फक्त जहाजावर. आई खळखळून हसू शकली, ती बहुधा त्यामुळेच.

(दृश्य: ब्रुकलिन ब्रिज. आई पुलाच्या लाकडी फळ्यांवरून चालते आहे, सायकलवाला घंटी वाजवतो, ती दचकते.)

इथून पुढची पाच मिनिटं मला हवी तेवढी लांबवू द्या. कारण हा चित्रपट मला आवडतो तो या पाच मिनिटांसाठी.

त्या काळी हॉलीवूडला न्यूयॉर्क हवं असलं की ते कॅलिफोर्नियात बांधत. एमजीएमच्या आवारात न्यूयॉर्कची आख्खी गल्ली तयार होती. विटा खोट्या, पायऱ्या खोट्या, आकाश रंगवलेलं. जीन केली आणि स्टॅन्ली डोनन हे दोघं दिग्दर्शक म्हणून पहिल्यांदाच उभे राहत होते. त्यांनी हट्ट धरला, सगळा चित्रपट खऱ्या न्यूयॉर्कमध्ये काढायचा. कंपनीने हो-ना करत मोजके दिवस दिले. त्यातून निघालं ते सुरुवातीचं गाणं.

गाणं आधीच कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रित झालेलं. रस्त्यावर ते वाजवायचं आणि नटांनी ओठ हलवायचे. आपल्याला यात काय नवल? आपला अख्खा सिनेमा प्लेबॅकवर उभा आहे. पण टेक्निकलरचा, म्हणजे रंगीत चित्रणाचा, तो कॅमेरा डोळ्यांसमोर आणा: एकाच वेळी तीन फिल्मच्या पट्ट्या फिरवणारं, कपाटाएवढं धूड. ते पुलावर न्यायचं, गर्दीत न्यायचं, तालाच्या प्रत्येक ठोक्याला नटांनी नेमकं वळायचं. आणि संकलन असं, की गाण्याची एक ओळ संपते न संपते तोच जागा बदलते. पूल. वॉल स्ट्रीट. चायनाटाउन. लिटल इटली. लिबर्टीचा पुतळा. सेंट्रल पार्कात सायकली. गाणं एक श्वासही थांबत नाही, शहर पायांखालून सरकत राहतं.

आज यूट्यूबवर कुठलीही पोरं असं करतात. आम्हीही आत्ता तेच करतो आहोत. माझा कॅमेरा खिशात मावतो.

(दृश्य: रॉकफेलर सेंटर. खाली प्रोमिथियसचा सोनेरी पुतळा, वर कठड्याला लागून उभे पर्यटक.)

इथे थांबा. कठड्यावरची ही माणसं पाहा.

सिनात्रा त्या काळी इतका लोकप्रिय, की तो रस्त्यावर दिसला की मुलींचा घोळका जमायचा. म्हणून काही वेळा मोटारीत कॅमेरा लपवून चित्रण करावं लागलं. पण रॉकफेलरला लपणार कुठे? चित्रपटात तिघे या प्रोमिथियसच्या पुढ्यात गातात, आणि वरच्या कठड्यावर माणसांची रांगच्या रांग उभी आहे, खाली वाकून बघते आहे. ते एक्स्ट्रा नाहीत. कोणी डबा घेऊन कामाला निघालेलं, कोणी सहज आलेलं. सिनात्राला बघायला थांबले आणि कायमचे चित्रपटात राहिले.

आईने घरी तो शॉट चार वेळा मागे घ्यायला लावला. तिला तिघांत रस नव्हता, ती वरची माणसं मोजत होती.

आणि इथून वळलं की रेडिओ सिटी म्युझिक हॉल. डिसेंबर 1949 मध्ये चित्रपट तिथे लागला. चौकात नाचले, कोपऱ्यावर दाखवला. रांग रस्ताभर गेली होती म्हणतात.

त्या गाण्यातली एक गंमत. मूळ नाटकात न्यूयॉर्कचं कौतुक करताना एक बारीकशी शिवी होती. चित्रपटांच्या नीतिसंहितेला ती चालेना, म्हणून तिथे 'वंडरफुल' आलं. आई मालवणची. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "शिवी काढली तर मग कौतुक उरलं काय?"

(दृश्य: सबवे. टर्नस्टाइलमधून आत जाणारी माणसं. आईचं कार्ड दोनदा नाकारलं जातं.)

गेबी ज्या पोस्टरच्या प्रेमात पडतो ते 'मिस टर्नस्टाइल्स'चं. हे काल्पनिक नव्हे, म्हणजे पूर्ण काल्पनिक नव्हे. 1941 ते 1976 न्यूयॉर्कच्या सबवेत खरोखर 'मिस सबवेज' निवडल्या जात. डब्यात फोटो, खाली चार ओळी: ही मुलगी टायपिस्ट आहे, हिला गाणं शिकायचं आहे. शेजारच्या घरातली मुलगी, पण डब्याडब्यात लावलेली. चित्रपटात गेबीला वाटतं ही कोणी फार मोठी बाई आहे. ती असते त्याच्याच गावची, कोनी आयलंडच्या जत्रेत पोटासाठी नाचणारी. या मुलीचं काम करणाऱ्या व्हेरा-एलनचं पोस्टरवालं नृत्य तर बघाच: ती घरकामात रमणारीही आहे आणि पार्ट्यांतही, नाजूकही आणि पैलवानही. जाहिरातीतल्या त्या चार ओळींची इतकी गोड टिंगल मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

कोनी आयलंडला आम्ही गेलो नाही. चित्रपटही गेला नव्हता. ते सगळं सेटवर आहे. एम्पायर स्टेटचा माथा सेटवर, म्युझियम सेटवर, तो बिचारा डायनोसॉरही सेटवर. एकदा पुलावरून चालून आल्यावर रंगवलेलं आकाश डोळ्यांना टोचतं, काय करणार!

(दृश्य: चित्रपटातल्या बॅलेचं स्थिरचित्र, मग दुसरं, मग तिसरं. चेहरे सावलीत.)

शेवटाकडे एक लांब बॅले आहे. गेबीला सगळा दिवस पुन्हा आठवतो. नीट पाहिलंत तर त्यात केली आणि व्हेरा-एलन सोडून बाकी चौघं बदललेली दिसतील. सिनात्रा वगैरे मंडळींना बॅले जमणारा नव्हता, म्हणून त्यांच्या जागी दुसरे नर्तक आले. त्यांत दोन मुली होत्या, कॅरल हेनी आणि जीन कॉइन. श्रेयनामावलीत दोघींची नावं नाहीत. कॅरल हेनीला पाच वर्षांनी ब्रॉडवेवर 'द पजामा गेम'मध्ये संधी मिळाली आणि त्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला. जीन कॉइन बहुतेक पडद्यामागेच राहिली. पुढे तिने केलीशी लग्न केलं.

बर्नस्टाइनची बहुतेक गाणी चित्रपटातून वगळली गेली, त्यातली उदास तर सगळीच, आणि संगीतासाठी ऑस्कर मात्र मिळालं. रंगमंचावर युद्धाच्या काळात जपानी वंशाची सोनो ओसातो नायिका होती, गोऱ्यांच्या बरोबरीने काळे नर्तक नाचत होते. पडद्यावर त्यातलं काही आलं नाही.

(दृश्य: संध्याकाळ. स्टेटन आयलंडची फुकटची फेरी. आई कठड्याला टेकून. लिबर्टीचा पुतळा उजवीकडून सरकत जातो.)

बाबा बोटीवर होते. तेवीस वर्षं. साइन ऑन, साइन ऑफ, मधल्या काळात पत्रं. घरी त्यांच्या शोअर लीव्हचे फोटो आहेत: रॉटरडॅम, सिंगापूर, मोम्बासा. एकावर मागे निळ्या शाईत 'न्यूयॉर्क' लिहिलंय. पांढरा शर्ट, मोठी कॉलर, डोळ्यांवर गॉगल, मागे नुसती विटांची भिंत. ती भिंत कुठली, हे फोटोवरून कळत नाही. आईने फोटो पर्समध्ये आणला होता. दिवसभरात तिने तो तीनदा काढला, तीन भिंतींशी ताडून पाहिला आणि परत ठेवला.

(दृश्य: शब्द नाहीत. वीस सेकंद. पाणी, आईचे हात, पर्सची चेन.)

चित्रपटाच्या शेवटी पुन्हा सकाळचे सहा वाजतात. तिन्ही मुली पोलिसांच्या गाड्यांसकट गोदीत पोचतात, पापे घेऊन होतात, तिघे जहाजात शिरतात. आणि त्याच फळीवरून दुसरे तीन खलाशी ओरडत खाली पळत येतात, त्याच गाण्यावर.

(दृश्य: फेरी धक्क्याला लागते. साखळी सुटते. माणसं उतरायला धावतात. आई सगळ्यांत शेवटी.)

"हे आता चोवीस तास काय करणार गं?"