काट्यापेक्षा दंड खरं सांगतो

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या पावसाळ्यात एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. आल्याआल्या तिनं कार्ड पुढे केलं. "मॅडम, वजन तं वाढलं ना जी! दोन महिन्यांत दीड किलो!" माझं लक्ष मात्र लेकराच्या दंडावर होतं. तिथं बांधलेला काळा दोरा सैल होऊन कोपरापाशी घसरला होता. दंड काडीसारखा, पोट टम्म. वाढलं होतं ते पोटातलं पाणी.

या मुलाच्या यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या तान्हेपणीच बंद झाल्या होत्या. बिलिअरी अट्रेसिया म्हणतात त्याला. दोन महिन्यांचा व्हायच्या आत त्याचं कसाई ऑपरेशन झालं. हे नाव ऐकून आयांच्या काळजात धस्स होतं, म्हणून सांगते, मोरिओ कसाई हे जपानी सर्जनचं नाव आहे. 1950च्या दशकात त्यांनी ही पद्धत काढली. आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात, पित्ताला वाट मिळते.

कावीळ उतरली की घरच्यांना वाटतं, सुटलो. पण बऱ्याच मुलांचं यकृत पुढेही हळूहळू कडक होत जातं. पित्त कमी, म्हणून तेलतूप पचत नाही, आणि त्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. मूल अंधारात ठेचकाळतं, हाडं मऊ पडतात, हिरड्यांतून रक्त येतं. म्हणून तपासणीला गेलात की नुसत्या वजनावर समाधान मानू नका. उंची आणि दंडही मोजायला सांगा.

दंड घरीही मोजता येतो. डावा हात. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचा बरोबर मध्य धरा, हात सैल सोडा, टेप कातडीला टेकेल एवढीच ओढा. अंगणवाडीच्या टेपवर 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल रंग लागतो, पण तो सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या लेकरासाठी लालची वाट पाहायची नाही. मागच्या महिन्यापेक्षा घेर कमी भरला, तर डॉक्टर गाठायचे. ताप आला तर त्याच दिवशी.

अन् लिव्हरचं पथ्य म्हणून पेजेवर ठेवलेली लेकरं पाहिली की माझा जीव तुटतो. या मुलांना इतरांच्या जवळपास दीडपट अन्न लागतं. भाकर कुस्करून तुरीचं घट्ट वरण द्या, अंडं द्या, दूध द्या, निजताना पुन्हा काही तरी द्या. पोटात पाणी असेल तर मीठ, पापड, लोणचं आवरा. पित्ताशिवाय पचणारं एमसीटी तेल मिळतं, ते किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारा.

त्या आईला आकडे वाचता येत नाहीत. ती दर महिन्याला दंडाभोवती सुताचा दोरा गुंडाळते आणि घेर भरतो तिथं गाठ मारते. परवा आली तेव्हा दोरा माझ्या टेबलावर पसरला. पहिल्या दोन गाठी जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या. तिसरी, अर्धं बोट पुढे.