पद्मिनीचा हॉर्न का वाजत नाही?

(दृश्य: ठाण्यातलं एक गॅरेज. फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, बॉनेट उघडं.)

निवेदन:

रंग नवा, बंपरवरचं क्रोम नवं, सीट कव्हरंही नवीकोरी. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं. अडचण एकच, हॉर्न वाजत नाही. अगदीच मुका आहे असंही नाही. डावीकडे वळताना स्टिअरिंग अर्धं फिरलं की कधी कधी वाजतो, तोही घोगरा. सरळ रस्त्यावर कितीही दाबा, उत्तर नाही. गाडी रंगकामाला गेली तेव्हा ठणठणीत वाजत होता. परत आली तेव्हापासून हे सुरू झालं.

मालकांनी हॉर्नची नवी जोडी आणलीसुद्धा. मिस्त्री खोक्याकडे बघतात आणि म्हणतात, "राहू द्या साहेब, सील फोडू नका. दुकानदार परत घेईल."

(दृश्य: समोरची जाळी, तिच्यामागे दोन हॉर्न.)

ही गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली, 1974 पासून तीच प्रीमियर पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांकडे. इतक्या वर्षांत प्रत्येकीच्या वायरिंगला दहा हात लागलेले असतात. त्यामुळे छापील नकाशावर फार विसंबून चालत नाही, गाडीतली वायर जिथे जाते तिथे जावं लागतं.

हॉर्नच्या डबीत असतं काय? तांब्याच्या तारेचं वेटोळं, पोलादी पडदा आणि दोन पॉइंट. बटण दाबलं की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि पडदा ओढला जातो. त्या ओढीतच पॉइंट उघडतात, करंट तुटतो, चुंबकाची ताकद जाते, पडदा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला चारएकशे वेळा. दोन हॉर्नपैकी एक जरा खालच्या सुरात, दुसरा वरच्या. एवढी साधी वस्तू सहसा अशी स्टिअरिंग बघून बिघडत नाही. वळल्यावर वाजणारा हॉर्न स्वतःच सांगतो, माझ्याकडे येऊ नका.

(दृश्य: कागदावर मिस्त्रींनी पेन्सिलने काढलेली आकृती.)

त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांची खुबी अशी की हॉर्नचं बटण प्लसच्या वाटेवर नसतं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून थेट हॉर्नच्या एका टोकावर येऊन थांबलेला असतो. दुसऱ्या टोकाची वायर स्टिअरिंग कॉलमपर्यंत जाते. बटण दाबायचं म्हणजे त्या वायरीला बॉडी द्यायची, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला ती टेकवायची. यामुळे फिरत्या स्टिअरिंगमध्ये एकच वायर न्यावी लागते. आणि ही वायर कुठे घासून उघडी पडली तर फ्यूज उडत नाही, हॉर्नच वाजत राहतो. रात्री दोन वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपोआप केकाटणारी जुनी गाडी तुम्ही ऐकली असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं.

आता तपासणी. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला, टोक हॉर्नच्या प्लसला. दिवा पेटला. म्हणजे फ्यूज शाबूत. तरी मिस्त्री फ्यूज काढून बघतात. फियाटचे हे फ्यूज गोळीसारखे, दोन्ही टोकं निमुळती, धातूची पट्टी बाहेरूनच. टोकांवर हिरवट गंज चढला की फ्यूज न उडताही करंट अडतो. हे फ्यूज स्वच्छ आहेत, बोटांत फिरवून परत बसवले.

पुढे जाड वायरीचा एक तुकडा. एक टोक हॉर्नच्या दुसऱ्या खिळ्याला, दुसरं नव्या मडगार्डच्या बोल्टला. काहीच नाही. तेच टोक बॅटरीच्या मायनसवर टेकवलं…

(आवाज: दोन्ही हॉर्न एकदम, खणखणीत.)

गॅरेजमधलं मांजर पळालं. मालक हसले. अर्धा तपास इथेच संपला, कारण हॉर्न, फ्यूज आणि प्लसची वाट, तिन्ही एका झटक्यात निर्दोष सुटले. आणि मडगार्डच्या बोल्टवर वाजला नाही, ही गोष्ट मिस्त्रींनी मनात ठेवली.

(दृश्य: स्टिअरिंग. बॅटरीची मायनस केबल आधी काढून ठेवलेली.)

बटण उचकटून काढलं. आत स्प्रिंग, तिच्याखाली पितळेची गोल पट्टी आणि त्या पट्टीवर घासत जाणारा कार्बनचा छोटा तुकडा. चाक फिरतं, वायर फिरत नाही, त्या दोघांचा संबंध टिकवणारी जागा ही एवढीच. पट्टीवर काळ्या ग्रीसचा थर आहे आणि त्यावर रंगकामात घासलेल्या पुट्टीची पांढरी भुकटी बसली आहे. फक्त एका बाजूला, दीडएक इंचाचा पितळी चकाकता भाग. स्टिअरिंग डावीकडे फिरलं की कार्बन नेमका तिथे यायचा.

बारीक पॉलिश पेपर, थोडं पेट्रोल लावलेलं फडकं. काळ्यातून पिवळं हळूहळू वर येतं. कार्बनची स्प्रिंग ढिली पडली आहे, ती बदलली. चाक जागेवर, केबल जागेवर, बटण दाबलं. स्टिअरिंग कसंही फिरवा, हॉर्न वाजतो. पण घोगरा. अगदी थंडीतल्या गळ्यासारखा.

इथे बरेच जण गाडी ताब्यात देतात. "वाजतोय ना?" मिस्त्री देत नाहीत, आणि या निवेदनात त्यांची बाजू घ्यायलाच हवी.

(दृश्य: मल्टिमीटर.)

बटण दाबून धरलं असताना बॅटरीवर 12.2 व्होल्ट. त्याच वेळी हॉर्नच्या दोन टोकांमध्ये जेमतेम 9. तीन व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतात. टेस्ट लॅम्पला हे कधीच दिसणार नाही. दोन हॉर्न मिळून आठएक अँपिअर खेचतात, पाच वॅटचा दिवा अर्धा अँपिअरही खेचत नाही. वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा असला तरी दिवा झकास पेटतो, हॉर्नला मात्र पुरेसं मिळत नाही. जुन्या गाडीत दिवा पेटला की करंट आहे एवढंच कळतं. तो किती आहे, ते काम करायला लावल्यावरच समजतं.

म्हणून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी स्टिअरिंग कॉलमवर. सगळं ठीक असतं तर काटा शून्याजवळ राहिला असता. इथे अडीच व्होल्टच्या वर गेला. बॉडीच्या बाजूलाच अडलंय.

कॉलमला डॅशबोर्डखाली धरणारी क्लँप उघडली. क्लँपला निळा रंग, तिच्या मागच्या पत्र्याला निळा रंग, बोल्टच्या डोक्याखालीही निळा रंग. काम सुरेख केलंय, एक कोपरा सोडलेला नाही. रंग म्हणजे इन्सुलेशन, आणि या गाडीची निम्मी वायरिंग म्हणजे तिची बॉडीच. आत्तापर्यंत सगळा करंट बोल्टच्या दोन-तीन आट्यांतून कसाबसा जात होता. मडगार्डवर काही वाजलं नव्हतं, तेही याच कारणाने.

टेकणारी जागा तेवढीच, नाण्याएवढी, लोखंड दिसेपर्यंत खरवडली. दातेरी वॉशर, वर थोडं व्हॅसलीन, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही अशीच साफ केली. पुन्हा मीटर: हॉर्नवर 11.6.

(आवाज: हॉर्न. पूर्ण गळ्याने.)

खालच्या सुराचा हॉर्न अजून जरा फाटतो. त्याच्या मागे नटाने आवळलेला एक छोटा स्क्रू आहे, पॉइंटमधलं अंतर ठरवणारा. पाव फेरा, एक हलका हॉर्न, पुन्हा थोडं मागे. तासभर दाबून ठेवायचं नाही, वेटोळं जळतं. तोंड खाली झुकलेलं आहे ना तेही बघून घेतलं. वर तोंड केलं की पावसाचं पाणी आत साठतं. कोकणात पडून राहिलेल्या गाड्यांत तर कुंभारमाशी हॉर्नच्या तोंडात मातीचं घर बांधते, आणि मग वरून कितीही वायरिंग तपासा.

आता मिस्त्री रिलेचा विषय काढतात. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारी चार खिळ्यांची छोटी डबी: 30 वर बॅटरी, 87 वर हॉर्न, 85 आणि 86 मध्ये तिचं स्वतःचं वेटोळं, त्याच्या एका टोकाला बटण. मग पितळी पट्टीतून आठऐवजी पाव अँपिअरहून कमी करंट जाईल, कार्बन बरीच वर्षं टिकेल. बसवावा हेच बरं. डॅशबोर्डमागे दिसणारही नाही. मालक मात्र अडून बसलेत. "कुर्ल्याहून निघाली तशीच हवी." मिस्त्री खांदे उडवतात आणि वायपर चालू करून बघतात. काचेवर अर्ध्यात अडखळतोय. त्याच्या मोटारीची पट्टीही निळ्या रंगाखालीच आहे.