तीन तासांची पाळी आणि ४८ गळे

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरच्या दशकातलं सॉफ्ट रॉक ऐकताना ड्रमवाला काय वाजवतोय, इकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जाऊ नये म्हणूनच तर तो तसं वाजवत असतो. आज थोडा वेळ तिकडेच कान देऊ या.

गाव लॉस एंजेलिस. तिथल्या स्टुडिओत वादकांची पाळी तीन तासांची. वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारात असं ठरलेलं होतं की, एका पाळीत जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं पक्कं संगीत ध्वनिमुद्रित करायचं. तीन तासांच्या वर गेलं की जादा पैसे, दुसरं वाद्य हातात घेतलं तरी जादा पैसे. ज्यांना फार मागणी ते दुप्पट दर लावत. समोर बहुतेक वेळा एक साधा कागद असे: कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची) नावं आणि मात्रांच्या तिरक्या रेघा. त्या रेघांच्या जागी काय वाजवायचं, ते वादकानं तिथल्या तिथे सुचवायचं. गाण्यात सगळ्यांच्या लक्षात राहणारा तुकडा कित्येकदा असाच सुचलेला असतो आणि त्याची बिदागी त्या पाळीपुरतीच.

पाटीवर नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे, हे तर सर्रास चाले. कारपेंटर्स या भावाबहिणीच्या जोडीतली कॅरन मंचावर स्वतः उत्तम ड्रम वाजवायची, पण १९७० च्या ‘क्लोज टू यू’ या गाण्यावर ड्रम आहेत स्टुडिओ वादक हॅल ब्लेनचे. बेस जो ऑस्बर्नचा. ऑस्बर्न बेस गिटारच्या तारा वर्षानुवर्षं बदलत नसे. सपाट गुंडाळीच्या, जुन्या झालेल्या तारा आणि हातात प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती. त्यामुळे स्वराची सुरुवात टोकदार ऐकू येते आणि मागे झणझण उरत नाही. नवी कोरी तार लावली की ती झणझण नेमकी गायिकेच्या शब्दांवर येऊन बसते.

ड्रमचंही तेच. टॉम या घुमणाऱ्या ड्रमचं खालचं कातडं काढून टाकायचं, पायानं वाजवायच्या बेस ड्रमचं पुढचं कातडं काढून आत उशी किंवा घोंगडी कोंबायची, कडक आवाजाच्या स्नेअर ड्रमच्या कडेला चिकटपट्टी लावायची, नाहीतर सरळ खिशातलं पाकीट ठेवायचं. माइक अगदी जवळ लावलेले असल्यामुळे ड्रमचा उरलेला घुमारा शेजारच्या माइकमध्येही शिरतो आणि पुढे मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या वेळी निघता निघत नाही. मात्र हेच ड्रम मोठ्या सभागृहात नेले तर पुठ्ठ्याचे खोके बडवल्यासारखे वाजतात. गायक जेम्स टेलरच्या ‘फायर अँड रेन’मध्ये ड्रमवाल्या रस कंकेलनं काठ्या बाजूला ठेवून ब्रश घेतले. टॉम घुमतात, पण जेम्स टेलरच्या गळ्यावर चाल करून येत नाहीत.

आता एक गंमत घरबसल्या करून बघा. स्टीली डॅन या बँडच्या १९७७ च्या ‘एजा’ अल्बममध्ये ‘होम अ‍ॅट लास्ट’ हे गाणं आहे. ड्रमवर बर्नार्ड पर्डी. तोंडानं ‘तकिट तकिट तकिट तकिट’ म्हणा, चार वेळा. ‘त’ आणि ‘ट’ उजव्या हातानं टेबलावर. मधला ‘कि’ डाव्या हातानं, बोट पडलं की नाही असा. पहिल्या ‘त’वर पायाचा ठेका. आणि तिसऱ्या तकिटच्या ‘त’वर डाव्या हाताची सणसणीत थाप, चारांत एकदाच. हात धावताहेत आणि गाणं मात्र रमतगमत चाललंय, असं वाटेल. कारण नेहमी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येणारी थाप इथे फक्त तिसरीवर येते.

बिघडतं कुठे, तर त्या थापेच्या लगेच पुढच्या ‘कि’वर. डावा हात वरून आलेला असतो, काठी उसळते आणि तो ‘कि’ही मोठाच पडतो. थाप मारल्यावर काठी कातड्यापासून इंचभर उंचीवरच अडवायची, उसळू द्यायची नाही. हे एवढं जमवायला महिने जातात. जेफ पोर्कारोनं याच चालीत भर घालून १९८२ मध्ये टोटोच्या ‘रोझाना’चा ठेका बांधला. टोटो म्हणजे स्टुडिओत इतरांसाठी वाजवणाऱ्यांनीच १९७७ मध्ये उभा केलेला बँड.

‘एजा’मधल्याच ‘पेग’ या गाण्याची तऱ्हा निराळी. त्यातल्या छोट्याशा गिटार सोलोसाठी, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यासाठी, एकामागून एक नामवंत येऊन वाजवून गेले आणि अखेर जे ग्रेडनचा सोलो ठेवला. बेसवाल्या चक रेनीला अंगठ्यानं तार आपटायची मनाई होती. त्यानं काचेपलीकडच्यांकडे पाठ करून तसंच वाजवलं, आणि ते सगळ्यांना आवडलं!

सगळीकडे माणसं बाहेरूनच आणली असंही नाही. इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत चौघे जण आधी इतरांच्या गाण्यांना साथ करत. गायक नील सेडाकाच्या मागेही तेच होते. हेच पुढे ‘टेन सीसी’ झाले. १९७५ चं त्यांचं ‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’ आधी बोसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या ठेक्यात केलं होतं. ते पसंत पडलं नाही, पुसून टाकलं. मग ठरलं की वाद्यं नकोत, गळेच लावू.

तिघांनी माइकपुढे उभं राहून एकच स्वर ‘आ’कारात धरायचा. सोळा ट्रॅकचं मशीन, म्हणून सोळा वेळा. तीन सोळे अठ्ठेचाळीस. अशा एकेका स्वराची टेप कापून तिची टोकं जोडायची, म्हणजे स्वर अखंड फिरत राहतो. पण जोडावर बारीक खट्ट येतो. तो वारंवार येऊ नये म्हणून फेरा लांबच हवा, सुमारे बारा फुटांचा. एवढी टेप मशीनवर मावत नाही, म्हणून ती बाहेर ओढून माइकच्या स्टँडवर बसवलेल्या चाकावरून परत आणली. असे तेरा स्वर, म्हणजे ६२४ गळे. गळे इतके कशाला? प्रत्येक गळा केसभर वर-खाली असतो आणि त्या फरकांतूनच तो धुक्यासारखा पसरलेला आवाज तयार होतो. एकाच गळ्याची टेप ४८ वेळा एकावर एक चढवली तर आवाज नुसता मोठा होईल.

मग प्रत्येक स्वराला मिक्सरवरचा एकेक सरकता खटका. कॉर्ड बदलली की हवे ते खटके वर, नको ते खाली. खटका पार शून्यावर जाऊ नये म्हणून खाली आडवी चिकटपट्टी मारली. त्यामुळे सगळे स्वर गाणंभर अगदी पुसट चालूच राहतात. हेडफोनवर ऐका, शांत जागीही ते सापडतील. मुख्य वाद्यं म्हणाल तर फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो, एक गिटार आणि मूग सिंथेसायझरवर काढलेला बेस ड्रमचा ठोका.

मध्ये एक बाई कुजबुजते. ती स्टुडिओची रिसेप्शनिस्ट, कॅथी रेडफर्न. काम चालू असताना ती दार हळूच उघडून चौघांपैकी एरिक स्टुअर्टला सांगायला आली होती की तुझा फोन आलाय. दबक्या आवाजात, ध्वनिमुद्रणात व्यत्यय नको म्हणून. गाण्यासाठी हवा होता तो आवाज हाच, म्हणून मग तिलाच माइकपुढे उभं केलं.