शंभरातलं एक झाड

जंगलाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा वाढीबद्दल बोलतो. झाड किती उंच झालं, खोड किती भरलं, कार्बन किती साठला. मला आज वेगळी गोष्ट मांडायची आहे. जंगलाचं रूप ठरवण्यात वाढीपेक्षा मरणाचा वाटा मोठा आहे, आणि त्या मरणाची नोंद आपण फार उशिरा ठेवायला लागलो.

एक साधा हिशेब करू. समजा, एखाद्या जंगलात दर वर्षी शंभरातलं एक झाड मरतं. म्हणजे झाडाचं तिथलं सरासरी आयुष्य १०० वर्षांचं. उद्या शंभरातली दोन मरायला लागली, तर तिथून चालत जाणाऱ्याला काही वेगळं जाणवणारही नाही. पण सरासरी आयुष्य ५० वर्षांवर आलं. वाढीचा वेग तोच राहिला, तर तिथलं उभं लाकूड कालांतरानं जवळपास निम्म्यावर येणार. २००९ साली अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या, कुऱ्हाड न लागलेल्या जंगलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे झाडांचा मृत्युदर १७ ते २९ वर्षांत दुप्पट होईल अशा गतीनं वाढत होता. लहान झाडं, मोठी झाडं, डोंगरपायथ्याची, उंचावरची, सगळीकडे हेच दिसलं. वाढतं तापमान आणि त्यामुळे पडणारी पाण्याची ओढ हे त्याचं सर्वांत संभवनीय कारण मानलं गेलं. नवी झाडं येण्याचं प्रमाण मात्र त्या मानानं वाढलं नव्हतं.

असं काही कळायचं तर तेच झाड पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. दुसरा मार्ग नाही. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८०च्या सुमारास ५० हेक्टर जंगल आखून घेतलं. एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक दिला, त्याची जागा नकाशावर घेतली. अशी दोन लाखांहून अधिक खोडं भरली. १९८५पासून साधारण दर पाच वर्षांनी त्यांची मोजणी होते. कोण वाढलं, कोण गेलं, कोण नव्यानं आलं. पुढे मलेशियात पासोहला, आपल्याकडे मुदुमलाईला आणि इतर अनेक देशांत असेच भूखंड आखले गेले. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, कारण त्याचं फळ बहुधा पुढच्या पिढीच्या हाती पडतं.

अशा मोजणीतून पहिली गोष्ट कळते ती ही की, एकाच मातीत, एकाच पावसात शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांचं नशीब कमालीचं वेगळं असतं. सेक्रोपियाचं झाड घ्या. खोड पोकळ, लाकूड हलकं. वरचं छत्र फाटून ऊन खाली आलं की ते वर्षाला काही मीटर उंच होतं आणि काही दशकांत संपतं. शेजारचं कठीण लाकडाचं झाड सावलीत वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होतं, पण तगून राहतं. घट्ट लाकूड बनवायला झाडाला जास्त खर्च येतो. त्याच्या बदल्यात वारा, बुरशी आणि कीड यांच्यापुढे टिकाव लागतो. वेगानं वाढायचं की दीर्घकाळ जगायचं, दोन्ही एकदम साधणारी झाडं थोडी.

हाच व्यवहार अख्ख्या खंडाच्या पातळीवर दिसतो तेव्हा मी थक्क होतो. अ‍ॅमेझॉनच्या पश्चिमेला, अँडीज पर्वताच्या बाजूला, माती तुलनेनं तरुण आणि सुपीक आहे. झाडं भरभर वाढतात, भरभर मरतात. पूर्वेला आणि ईशान्येला माती प्राचीन, धुऊन गेलेली, फॉस्फरसची टंचाई असलेली. तिथे वाढ मंद, लाकूड जड आणि झाडं दीर्घायुषी. साठलेलं लाकूड कुठे जास्त? या गरीब मातीवर. सुपीक जमिनीत जंगल अधिक भरगच्च असणार, असं कुणीही म्हणेल. पण मरणाचा आकडा हाती घेतला की ते गणित उलटतं.

आता दुष्काळ. ब्राझीलमध्ये काशिउआना इथे २००२च्या सुमारास संशोधकांनी एक हेक्टर जंगलात जमिनीच्या वर प्लॅस्टिकचे पत्रे बसवले आणि खाली पडणारं निम्मं पावसाचं पाणी बाहेर वळवलं. पहिली काही वर्षं फारसं काही झालं नाही. मग झाडं मरायला लागली आणि त्यात सर्वांत मोठ्यांना सर्वाधिक फटका बसला. प्रश्न होता, ती उपासमारीनं मेली की तहानेनं? पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटली की अन्न बनणंही मंदावतं, म्हणून उपासमारीची शंका रास्त होती. पण झाडांमधला साखर-स्टार्चचा साठा शाबूत निघाला. निकामी झाल्या होत्या त्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका. पानं पाणी वर खेचतात तेव्हा खोडातला पाण्याचा स्तंभ ताणलेल्या दोरीसारखा असतो. ताण हाताबाहेर गेला की त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि तो तुटतो. उंच झाडात मुळापासून पानापर्यंतचं अंतर मोठं, शिवाय माथ्यावर ऊन आणि कोरडा वारा. पुढे मोकळ्या झालेल्या उजेडात लहान झाडं उलट जोमानं वाढली. त्या वर्षांत कुणी फक्त वाढच मोजली असती, तर जंगल ठणठणीत आहे असंच त्याच्या वहीत नोंदलं गेलं असतं.

मोठ्या झाडांच्या वाट्याला आणखीही संकटं आहेत. वीज पडते. जाड वेली अंगावर चढून उजेड अडवतात, वजनानं फांद्या मोडतात. वेलींनी लपेटलेली झाडं कमी वाढतात आणि लवकर मरतात.

उरली नवी रोपं, आणि मला खरी काळजी आहे ती त्यांची. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली: आईच्या बुंध्याशी पडलेलं बी सहसा तगत नाही, कारण त्या जातीवर जगणारी कीड आणि बुरशी तिथेच दबा धरून असते. बी दूर जायला हवं. मोठ्या बियांच्या झाडांसाठी हे काम धनेश, माकडं, हत्ती करतात. शिकारीनं हे प्राणी संपले तरी झाडं उभीच राहतात, फळतात, आणि दशकानुदशकं कुणाला काही कळत नाही. कळतं ते जमिनीवरची रोपं मोजल्यावर.

हवामानाचा धक्काही रोपांनाच आधी बसतो. खोल मुळांचं झाड जो कोरडा उन्हाळा काढतं, त्यात वीतभर मुळाचं रोप करपून जातं. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात वणव्यानंतरच्या शेकडो जागा तपासल्या, तेव्हा २०००नंतर जळलेल्या भागांत एकही नवं रोप नसलेल्या जागांचं प्रमाण आधीपेक्षा बरंच वाढलेलं आढळलं, विशेषतः खालच्या, कोरड्या उतारांवर. तिथली जुनी झाडं थंड, ओल्या दशकांत रुजलेली होती. म्हणून वनमोजणीत खोडाच्या जाडीइतकीच गुडघाभर उंचीच्या रोपांची नोंद व्हायला हवी, आणि वणवा किंवा दुष्काळ येण्याआधीच व्हायला हवी. नाहीतर नंतर तुलना करायला हाती आकडा नसतो.